संरक्षण आणि स्वायत्तता : ब्रिटिश शाळांतील माध्यमाभ्यास

वृत्तपत्र, चित्रपट, जाहिरात, दूरचित्रवाणी यांचा शालेय अभ्यास पत्रकारितेच्या शिक्षणातून निघाला असावा, असे सहज वाटते. ब्रिटनपुरते तरी ते खरे नाही. तेथे या विषयाचा उगम मुख्यतः साहित्यसमीक्षेत आहे. समीक्षेने वाचकाविषयी वेळोवेळी ज्या कल्पना बाळगल्या, त्यांचाच इतिहास या विषयाच्या वाटचालीत उमटला आहे.

एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांचे ‘कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट’ हे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले. कवितेसाठी घडविलेली सूक्ष्मवाचनाची रीत त्यात जाहिरातींना लावलेली असून शाळांसाठी स्वाध्यायही दिलेले आहेत. मात्र पुस्तकाचा हेतू संरक्षणाचा होता. यंत्रयुगाने जुना एकजिनसी समाज नष्ट केला, आता विद्यार्थ्याची अभिरुची तरी वाचवावी, ही त्यामागील धारणा. माध्यमांचे शिक्षण ही एक प्रकारची लसच मानली गेली. तथापि या भूमिकेत एक अंतर्विरोध होता. जाहिरातीचा प्रतिकार करण्यासाठी ती वर्गात आणावी लागली, बारकाईने वाचावी लागली. आणि तशी वाचताच ती अभ्यासयोग्य संहिता ठरली.

१९६० मध्ये राष्ट्रीय शिक्षक संघाने लोकप्रिय संस्कृतीवर परिषद भरविली. त्यानंतर रेमंड विल्यम्स यांचे ‘कम्युनिकेशन्स’ (१९६२) आणि स्ट्युअर्ट हॉल व पॅडी व्हॅनेल यांचे ‘द पॉप्युलर आर्ट्‌स’ (१९६४) ही पुस्तके आली. हॉल आणि व्हॅनेल यांनी लोकप्रिय कलेला सरसकट हीन मानण्याचे नाकारले. तिच्यातच सकस आणि निकस असा विवेक करावा, असे सुचविले. निकष मात्र बव्हंशी साहित्याचेच राहिले. याच काळात, १९६३ च्या न्यूसम अहवालाने चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या अभ्यासाची शिफारस केली. हा अहवाल सर्वसाधारण वा त्याहून कमी क्षमतेच्या मानल्या गेलेल्या, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयी होता, ही बाब येथे निर्णायक ठरते. ‘हुशारांना साहित्य, इतरांना माध्यमे’ अशी अलिखित वाटणी तिच्यामुळे बळावली आणि विषयाच्या प्रतिष्ठेला कायमचा डाग लागला.

सत्तरच्या दशकात ‘स्क्रीन’ या नियतकालिकातून चिन्हमीमांसा आणि विचारप्रणालीची चिकित्सा पुढे आली. ‘हे चांगले आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘हा अर्थ कसा घडविला जातो?’ या प्रश्नाने घेतली. लेन मास्टरमन यांनी ‘टीचिंग अबाउट टेलिव्हिजन’ (१९८०) आणि ‘टीचिंग द मीडिया’ (१९८५) या ग्रंथांत प्रतिनिधान ही संकल्पना केंद्रस्थानी आणली. माध्यम वास्तवाकडे उघडणारी खिडकी नसून वास्तवाची रचना करते, हे ओळखून शिक्षकाच्या अनुपस्थितीतही विद्यार्थ्याला चिकित्सा करता यावी, ही त्यांची अपेक्षा. परंतु अभिरुचीचा अधिकार सोडणारा शिक्षक विचारप्रणालीच्या अचूक वाचनाचा अधिकार मात्र राखून ठेवू शकतो. अशा वर्गात विद्यार्थी शिक्षकाला हवे ते उत्तर देऊन मोकळा होतो. त्याचा स्वतःचा आस्वाद वर्गाबाहेरच राहतो. जुडिथ विल्यमसन यांनी ‘स्क्रीन एज्युकेशन’मधील १९८१ च्या सुमाराच्या लेखात विचारप्रणालीच्या अध्यापनातील ही अडचण नेमकी हेरली होती.

२००३ च्या कायद्याने माध्यमसाक्षरता वाढविण्याची जबाबदारी ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेवर सोपविली. अपप्रचार आणि खोट्या बातम्या यांच्या चर्चेत लशीची जुनी कल्पनाही आता परतली आहे. संरक्षणाची गरज खोटी नव्हे. मात्र केवळ संरक्षणासाठी केलेले वाचन विद्यार्थ्याला सावध करते, वाचक करीत नाही. साहित्य आणि माध्यमे यांना शाळेत वेगळे ठेवणारी रेषा केवळ संहितांच्या स्वरूपातून निघालेली नाही. कोणत्या मुलाकडून कोणत्या वाचनाची अपेक्षा ठेवायची, या सामाजिक निर्णयानेही ती आखली आहे. ती तपासणे हे साहित्यसमीक्षेचेच काम आहे, कारण ती आखण्यात तिचाही हात होता.