दगड उचलण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराला माळवद होतं: मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर मातीचा जाड थर. १९९३च्या भूकंपानंतर आजोबांनी ते उतरवून पत्रे टाकले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात असलीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली.

पण ढिगाऱ्यातून बोलत बाहेर आलेला माणूसही नंतर दगावू शकतो. १९४१मध्ये लंडनच्या बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनी बॉम्बहल्ल्यात चिरडलेल्या चार रुग्णांची नोंद छापली. सुटका झाली, मग मूत्रपिंडं बिघडली, चौघेही गेले. सर्व्हर कधीकधी पुन्हा चालू करतानाच कोसळतो, तसं काहीसं. दगड हलला की चिरडलेल्या स्नायूंत रक्त परत वाहतं. तिथलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळ्या चहासारखी होते. रक्तात सीके नावाचं एन्झाइम प्रचंड वाढलेलं दिसलं की निदान पक्कं. मूत्रपिंडं बंदच पडली तर डायलिसिस.

त्याआधीचा उपाय मात्र कुठल्याही खेड्यातल्या दवाखान्यात असतो: पोटॅशियम नसलेलं साधं सलाईन, भरपूर. आणि शक्यतो एक हात मोकळा होताच, दगड उचलण्याआधी.