धोंडो, केरो, दगडू : नावडत्या नावांची गोष्ट

तक्षशिलेच्या एका विख्यात आचार्यांपाशी पाचशे शिष्य अध्ययन करीत होते. त्यांतल्या एकाचे नाव होते पापक. दिवसभर ‘पापका, ये’, ‘पापका, जा’ हे ऐकून तो इतका विटला की दुसरे नाव द्या म्हणून त्याने गुरूंपाशी हट्ट धरला. गुरू म्हणाले, देशभर हिंडून ये, आवडेल ते नाव शोध, मग बदलू.

पापक निघाला. एका नगरात प्रेतयात्रा दिसली. मृताचे नाव विचारले, तर ते जीवक. पुढे एका दारात दासीला दोराने मार बसत होता, कारण तिने मजुरीचे पैसे आणून दिले नव्हते. तिचे नाव धनपाली. नगराबाहेर वाट चुकलेला एक प्रवासी भेटला. तो पंथक. पापक परत आला आणि आपले जुनेच नाव बरे म्हणाला. पाली जातकांतील ‘नामसिद्धि जातक’ ते हेच.

मराठीने एवढी लांब कथा सांगितली नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या एका म्हणीत काम भागवले.

नावाचा अर्थ आणि माणसाचे भाग्य यांचा संबंध नसतो, हे इतक्या पूर्वीपासून ठाऊक असूनही बारशाच्या घरी कोणी ‘दगडू’ किंवा ‘धोंडो’ असे नाव सुचवले, तर सगळे हसतील. कारण विचारले तर ‘बरे वाटत नाही’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही. मात्र या ‘बरे न वाटण्या’ला इतिहास आहे.

ज्या काळी देवी, पटकी आणि तापाने घरातली मुले एकापाठोपाठ एक जात, त्या काळी मूल जगवण्याचा एक उपाय म्हणजे त्याला कोणाचीच नजर जाणार नाही असे नाव देणे. मागची दोन-तीन मुले दगावली असतील, तर नवे मूल केरावर क्षणभर ठेवून उचलायचे आणि त्याला केरबा म्हणायचे. देवाच्या दारी पदर पसरून मागितले म्हणून भिकाजी. काळाने पाहावे आणि ‘हा तर दगड’ म्हणून पुढे जावे, यासाठी दगडू आणि धोंडू. मुलाचे नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होईल, तो नथू. मृत्यूला फसवण्यासाठी बोललेले हे खोटे होते. ज्या बाळावर सर्वाधिक जीव, त्याच्या वाट्याला सर्वांत ओबडधोबड नाव येई.

म्हणजे ही नावे नावडावीत, हाच त्यांचा हेतू होता. फक्त ती नावडायची होती यमाला.

एकोणिसाव्या शतकात त्यांची कोणाला लाज वाटत असल्याचे दिसत नाही. दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेले, १८५७च्या संग्रामातले नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंत. लोकमान्य टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक छत्रे यांचे मूळ नाव विनायक. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो केरो लक्ष्मण, केरूनाना म्हणून. विनायक हे गणपतीचे नाव बाजूला राहिले आणि ‘केरो’ हे विद्वत्सभेत मिरवले. स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारणाऱ्या महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, ते भारतरत्न झाले.

पुण्यात तर रोज हजारो लोक हात जोडून ‘दगडूशेठ’ म्हणतात. एका हलवायाचे नाव गणपतीला चिकटले आणि पवित्र झाले. तरी त्या दर्शनाहून परतणारे जोडपे मुलाचे नाव दगडू ठेवत नाही.

पुढे लस आली, दवाखाने आले, मुले जगू लागली आणि या नावांचे प्रयोजन संपले. उरला तो केवळ त्यांचा खडबडीत ध्वनी. शहरात शिकलेल्या घरांतून शरद, अरविंद, प्रकाश अशी संस्कृत वळणाची नावे रुजली. जुनी नावे गावाकडच्या आजोबांची, गिरणीकामगाराची, घरगड्याची ठरत गेली. रंगभूमीने आणि चित्रपटाने त्यांवर हशा घेतला. २०१४च्या ‘टाइमपास’मध्ये नायक दगडू आणि नायिका प्राजक्ता आहे, दोघांच्या घरांतले अंतर त्या दोन नावांतच प्रेक्षकाला कळते.

अर्थामुळे ही नावे नकोशी होतात, असे म्हणावे तर तेही टिकत नाही. माणिक हाही दगडच. शैल म्हणजे पर्वत, खडक. पण शैलेंद्र आणि शैलजा कोणाला खटकत नाहीत. राहुल या नावाची बौद्ध परंपरेतील व्युत्पत्ती तर ‘बंधन’ अशी आहे. पुत्रजन्माची वार्ता ऐकताच सिद्धार्थाने आणखी एक पाश निर्माण झाला असे उद्गार काढले आणि तेच बाळाचे नाव पडले, अशी कथा आहे. बापाच्या पायातली बेडी असे ज्याचे मूळ, ते नाव भारतातल्या आवडत्या नावांपैकी एक झाले.

याची उलट बाजू ‘पांडू’. पांडुरंग म्हणजे साक्षात विठ्ठल. साने गुरुजी पांडुरंग, ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न काणे पांडुरंग. तेच नाव तोडून ‘पांडू’ झाले की शिपायाचे, हवालदाराचे होते. १९७५च्या दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’नंतर तर ते कायमचेच. आषाढीला ज्याचा गजर होतो, त्याचेच लघुरूप थट्टेचे ठरते.

नावे कोणी कशी ठेवावीत याचे नियमही होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असे असावे, अशी वाटणी आहे. तिसऱ्या अध्यायात वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावे असलेल्या मुली टाळाव्यात, असेही आहे.

मराठी घरांनी हा दुसरा नियम सरळ धुडकावला. गोदावरी, यमुना, भागीरथी, तुळसा, रोहिणी, मैना यांनी वंशावळी भरल्या आहेत. आज हौसेने ठेवले जाणारे ‘रेवा’ हेही नर्मदेचेच नाव. अर्थात यमुना सासरी यमुना राहीलच असे नव्हते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि जन्मनाव तिथेच पुसले जाई. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघीही माहेरच्या यमुना. १८९३ साली धोंडो केशवांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या. जुन्या नावात काही खोट होती म्हणून हे घडत नसे. नाव कोणतेही असते तरी रीतीप्रमाणे बदलले असते.

पहिल्या नियमाचे मात्र तसे झाले नाही. त्याची अंमलबजावणी पोथीपेक्षा हाकेतून झाली. धोंडो, केरो, भिकाजी ही नावे पेशव्यांच्या घरात होती तशी गावकुसाबाहेरही होती. फरक पडे तो शेपटाने. एकाच्या नावापुढे ‘पंत’, ‘राव’ किंवा ‘जी’ लागे. दुसऱ्याचा धोंड्या, दगड्या, भिक्या होई, तोही म्हातारपणापर्यंत आणि पाटलाच्या पोराच्या तोंडून. धोंडोपंत ऐकताना धोंडा आठवत नाही. धोंड्या ऐकताना तो आठवावा अशीच योजना असते. ध्वनीविषयी म्हणून सांगितली जाणारी नावड पुष्कळदा अशी त्या हाकेच्या धन्याविषयी असते.

ही जखम मराठी साहित्यात सर्वांत उघडी झाली ती १९७८च्या ‘बलुतं’मध्ये. कवी दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. या आत्मकथनात शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि त्याच्या आतला दगडू समोरासमोर येतात, आणि दगडू बोलतो. नाव बदलून मागे टाकलेला माणूस मागे पडलेला नसतो, हे त्या रचनेतच दिसते. जातकातला पापक आपल्या नावाकडे शहाणपणाने परतू शकला. पण त्याच्या नावाने त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. ती बोधकथा ऐकवून दगडूचे समाधान करू पाहणे अन्यायाचे होईल.

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर हजारो घरांत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली. जुगुप्सित नावांच्या परंपरेला दिलेले हे उत्तर कोणत्याही भाषणाइतकेच स्पष्ट होते. आज मिलिंद किंवा सिद्धार्थ या नावावरून जात ओळखू पाहणारा बहुधा चुकेल, कारण ही नावे सर्वांनीच उचलली.

या साऱ्यात एक नाव मात्र वेगळे काढावे लागते. नकोशी, बोलीत नकुसा. दगडू आणि केरबा यांच्या जातीचे ते वरवर वाटते. तेही ओंगळ, तेही जन्मतःच दिलेले. पण दगडूच्या नावात खोटे होते, त्याच्या आईबापांना तो हवा होता. नकुसाच्या नावात खरे सांगितले होते. मुलींमागून मुली झाल्या, आता पुरे, पुढचा तरी मुलगा व्हावा, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव आवडत नाही असे म्हणणाऱ्या मुलीला कोणी कारण विचारण्याची गरज नाही.

ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. काहींनी चित्रपटतारकांची नावे घेतली, काहींनी देवींची. प्रमाणपत्रावर नवे नाव एका दिवसात आले. शाळेच्या हजेरीत आणि शेजाऱ्यांच्या तोंडी ते बसवण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.