नक्कल, नमुना आणि मजुरी



भाट्याच्या पुलावर सकाळी उभे राहिले, म्हणजे खाडीतून समुद्राकडे निघालेल्या बोटींच्या इंजिनांचा ठोका कानी येतो. तो ठोका ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे पोटासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो, कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि यंत्राविषयी व माणसांविषयी जे काही शिकलो ते तेथेच शिकलो. आज जो विषय मांडावयाचा आहे तो एका लोखंडी दांडीचा आहे. तिला कॅमशाफ्ट म्हणतात.

या दांडीवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्यांना कॅम म्हणतात. दांडी फिरली की उंचवटा व्हॉल्व्ह उचलतो. हवा आत येते, धूर बाहेर जातो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा या दांडीचा एक होतो. व्हॉल्व्ह किती उचलावा, केव्हा उघडावा व किती वेळ उघडा ठेवावा, हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात साठविलेले असते. आकार बदलला की तेच इंजिन निराळे वागू लागते. एका आकाराने ते कमी वेगात ओझे ओढते, तर दुसऱ्याने शर्यतीत धावते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांसाठी खास कॅम घासून देणाऱ्या कारागिरांना मान असतो. आणि म्हणूनच त्यांच्या कॅमची नक्कलही होते.

नक्कल करावी की मूळ कारागिराकडूनच माल घ्यावा, हा वाद कालचा नव्हे. तो इंजिनाइतकाच जुना आहे. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखविले व पुढल्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. परंतु हे तत्त्व बो द रोशा या फ्रेंच गृहस्थाने १८६२ सालीच लिहून ठेवले होते, असे पुढे उघडकीस आले. १८८६ साली ओटोंचे जर्मन पेटंट रद्द झाले आणि इतर कारखानदारांना मार्ग मोकळा झाला. तत्त्व कोणा एकाच्या कुलपात राहिले नाही, हे जगाच्या हिताचेच झाले.

आपल्याकडचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकली विकू लागले, आणि बाहेरून येणारी अवजारे पाहून कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळ माळावर कारखाना उभा राहिला. तेच आजचे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी नमुना बाहेरचा पाहिला असेल; परंतु ओतकाम आपले केले, चुका आपल्या केल्या, आणि मालावर नाव आपले घातले. पुढे त्याच घराण्याने १९६२ साली पुण्यात अमेरिकेच्या कमिन्स कंपनीशी भागीदारी करून किर्लोस्कर कमिन्स काढली. पाहून शिकण्याचा एक काळ असतो आणि मोल देऊन घेण्याचा दुसरा. एकाच घराण्याने हे दोन्ही काळ पाहिले.

आता आमच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना अजूनही संकोच वाटतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक वयस्कर मेस्त्री मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी कॅम घासून देत असत. एका कॅमपायी ते चार महिने रात्री जागले. घासावे, बसवावे, चालवून पाहावे, स्प्रिंग तुटली की पुन्हा घासावे, असा क्रम चालला. अखेर तो कॅम जमला व विकला जाऊ लागला. तेव्हा आमच्याच युनियनमधील एका पोराने एक वापरलेला कॅम मिळविला, दुसऱ्या शेडमध्ये त्याची नक्कल करून घेतली, आणि निम्म्या किमतीत विकावयास सुरुवात केली.

मेस्त्री आमच्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही युनियनवाले तासा-तासाचा हिशेब मागता. माझ्या चार महिन्यांची मजुरी कुणाकडं मागू?"

आम्ही तेव्हा पुस्तके वाचून नुकतेच शहाणे झालो होतो. आम्ही म्हणालो, "मेस्त्री, ज्ञान सर्वांचं असतं. गरीब पोरगा चार पैसे मिळवतोय, मिळवू द्या." ते काही बोलले नाहीत. चहाही न घेता गेले.

त्या नकलेचे पुढे काय झाले? कॅम वापरलेला असल्याने थोडा झिजलेला होता. नकलेत ती झीजही उतरली. व्हॉल्व्ह हलकेच उचलला जावा म्हणून उंचवट्याच्या आरंभी मिलिमीटरच्या काही शतांशांचा उतार ठेवतात. तो नाहीसा झाला. लोखंड कोणते, कठीण किती, जोडीला स्प्रिंग किती जोराची, हे आकार मोजून कळत नाही. कॅम खडखडू लागले, टॅपेट खाऊ लागले. पोराचे गिऱ्हाईक तुटले. आणि मेस्त्रींनी नवा कॅम शोधण्याचे सोडून दिले. नुकसान दोघांचे झाले; पण त्याहून मोठे नुकसान जो कॅम पुढे निघालाच नाही त्याचे झाले.

कायदा काय म्हणतो? १९११ चा पेटंट व डिझाइनचा कायदा इंग्रजी अमदानीतला. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा पेटंट कायदा आला, आणि डिझाइनचा नवा कायदा २००० साली झाला. पेटंट मिळावयास खरोखरीचा नवा शोध लागतो. आणि जे केवळ यांत्रिक साधन आहे ते डिझाइन म्हणून नोंदविता येत नाही. म्हणजे मेस्त्रींच्या कॅमसारखी वस्तू बहुधा दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत पडते. परंतु जेथे कायदा गप्प असतो तेथे न्यायही गप्प असावा, असे नाही. आठ तासांचा दिवस कायद्यात येण्यापूर्वीही न्याय्यच होता.

मग नक्कल सर्वस्वी निषिद्ध मानावी काय? तसे आम्ही म्हणणार नाही. आमच्या भाट्यात जुन्या बोटीचे इंजिन बंद पडते आणि ते करणारा कारखाना केव्हाच मिटलेला असतो. तेथे तांडेलाने काय करावे? चांगल्या फिटरकडून तसाच भाग करून घ्यावा, हेच योग्य. त्यात कोणाची मजुरी बुडत नाही. उलट चार खलाशांची चूल पेटती राहते. परंतु ज्याने रात्री जागून आकार शोधला तो मनुष्य अजून दुकानात बसला आहे व रास्त मोलाने माल देत आहे, तेथे त्याचा कॅम मोजून विकणे म्हणजे त्याच्या मजुरीवर हात मारणे होय. मालकाने कामगाराचे श्रम फुकट घेतले की आपण त्याला शोषण म्हणतो. कामगाराने दुसऱ्या कारागिराचे श्रम फुकट घेतले तर त्याला निराळे नाव कसे देता येईल?

ज्या सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेकाळी गाजत, त्या गावात १९९२ साली कॅमशाफ्टचाच कारखाना निघाला आणि परदेशी मोटार कंपन्या तेथून माल घेऊ लागल्या. हे पाहिले की आपल्या माणसांच्या हाताविषयी शंका उरत नाही. शिकण्यासाठी खुशाल नक्कल करा. प्रत्येक उमेदवार तशीच सुरुवात करतो. पण विकावयास बसाल तेव्हा दुसऱ्याची मजुरी चुकती करा, नाही तर स्वतःचा आकार शोधा.

ते मेस्त्री आता नाहीत. त्यांना जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज तुमच्यापुढे दिले आहे.