मालमत्तेचा हक्क आणि मर्यादित सरकार : स्वतंत्र भारत पक्षाची भूमिका काय?

बुटीबोरी : नागपूरच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर हैदराबादकडे आणि वर्ध्याकडे जाणारे रस्ते जेथे वेगळे होतात, तेथे बुटीबोरीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. एकेकाळी कापूस, तूर आणि ज्वारी पिकविणारी ही जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने संपादित केली आणि त्यावर कारखाने उभे राहिले. गावाचे रूपही पालटले. २०१८ मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली. विकास झाला हे कोणी नाकारत नाही. मात्र शेतकऱ्याची जमीन सरकारने कोणत्या अधिकाराने घ्यावी, किती मोबदला द्यावा आणि मालकाला 'नाही' म्हणण्याचा हक्क असावा की नाही, हे प्रश्न अशा प्रत्येक वसाहतीच्या मुळाशी असतात.

विधानसभेची निवडणूक आली की बहुतेक उमेदवार रस्ते, पाणी आणि रोजगारावर बोलतात. हा मूळ प्रश्न थेट राज्यघटनेशी जोडून मतदारांपुढे मांडणारा एक लहानसा प्रवाह विदर्भात गेली तीन दशके टिकून आहे. तो म्हणजे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष. या पक्षाला सत्ता मिळाली नाही, पण घटनात्मक हक्क आणि शासन सुधारणा या दोन विषयांवर त्याची भूमिका इतर पक्षांपेक्षा स्पष्टपणे वेगळी आहे.

नागपूरच्या ठरावातून सुरुवात

या विचाराची मुळे नागपुरातच सापडतात. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा आणि जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालण्याचा ठराव संमत झाला. शेतकऱ्याची जमीन सामूहिक मालकीकडे नेणारे हे पाऊल आहे, असा आक्षेप घेत चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, प्रा. एन. जी. रंगा आदींनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाची स्थापना केली. परवाने आणि नियंत्रणे कमी करावीत, खासगी मालमत्तेला संरक्षण द्यावे आणि सरकारने मोजकीच कामे करावीत, हा त्या पक्षाचा गाभा होता. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्याने ४४ जागा जिंकल्या. १९७१ मध्ये मात्र तो आठ जागांवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला.

वीस वर्षांनंतर शरद जोशी यांनी तोच धागा पुन्हा उचलला. टपाल सेवेतील अधिकारी आणि नंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी, असा प्रवास करून ते भारतात परतले आणि चाकणजवळ आंबेठाण येथे शेती करू लागले. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना उभारली. शेतमालाला भाव मिळत नाही याचे कारण निसर्ग नसून सरकारी धोरण आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. त्यातूनच पुढे राजकीय पक्षाची गरज निर्माण झाली. जोशी २००४ ते २०१० या काळात राज्यसभेचे सदस्य होते. १२ डिसेंबर २०१५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

मालमत्तेचा हक्क

मूळ राज्यघटनेत मालमत्ता धारण करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क होता. अनुच्छेद १९(१)(च) आणि अनुच्छेद ३१ यांमध्ये त्याची तरतूद होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-ए, ३१-बी आणि नववे परिशिष्ट जोडले गेले. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयात अडकू नयेत, हा त्यामागील हेतू होता. सुरुवातीला तेरा कायदे असलेल्या या परिशिष्टात पुढे २८० हून अधिक कायदे गेले. महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आणि केंद्राचा १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा हे दोन्ही त्यात आहेत. अखेर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला. त्याऐवजी अनुच्छेद ३००-ए आला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढेच संरक्षण त्यात उरले.

मालमत्तेचा हक्क पुन्हा मूलभूत करावा आणि नववे परिशिष्ट रद्द करावे, ही स्वतंत्र भारत पक्षाची भूमिका आहे. कारखानदार किंवा व्यापाऱ्याच्या संपत्तीवर मर्यादा नाही, मग ती शेतकऱ्याच्याच जमिनीवर का, असा त्यांचा सवाल आहे. कमाल धारणा, अत्यावश्यक वस्तू आणि भूमिसंपादन हे तीन कायदे शेतकऱ्याला न्यायालयाचे दार बंद करतात, ही मांडणी शेतकरी चळवळीतून आलेले अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनानेही पुढे नेली आहे.

दरम्यान, न्यायालयांनी या हक्काचा काही भाग परत दिला आहे. २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००७ रोजी दिला. संपादनापूर्वी नोटीस, म्हणणे ऐकून घेणे, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि वाजवी मोबदला या बाबी अनुच्छेद ३००-ए मध्येच अंतर्भूत आहेत, असे मे २०२४ मधील निकालात स्पष्ट झाले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने मुंबईतील जुन्या इमारतींच्या प्रकरणात बहुमताने सांगितले, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' मानता येणार नाही.

बुटीबोरीसारख्या ठिकाणी कायदा काय सांगतो?

औद्योगिक वसाहतींसाठीची जमीन राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली घेतली जाते. कलम ३२(२) प्रमाणे जमीनमालकाला नोटीस दिली जाते आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्यानंतर कलम ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होताच जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन शासनाकडे येते. मोबदला आपसांत ठरू शकतो, न ठरल्यास जिल्हाधिकारी तो निश्चित करतात.

केंद्राच्या २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनात ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली, तसेच सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. महाराष्ट्राने मात्र २०१८ मध्ये दुरुस्ती करून औद्योगिक विकास अधिनियमासह राज्याच्या काही कायद्यांना त्या कायद्यातून वगळले. वाढीव मोबदल्याच्या तरतुदी कायम राहिल्या, पण संमतीची अट या मार्गाने होणाऱ्या संपादनाला लागू राहिली नाही. मोबदला चांगला मिळाला तरी संमतीशिवाय झालेला व्यवहार हा सौदा नव्हे, या पक्षाच्या युक्तिवादाला येथे प्रत्यक्ष आधार मिळतो.

'समाजवाद' शब्दावरून वाद

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-ए नुसार नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा बाळगण्याचे घोषित करावे लागते. समाजवाद न मानणाऱ्या पक्षाने खोटी शपथ घ्यायची काय, असा शरद जोशी यांचा प्रश्न होता. राज्यसभेत त्यांनी ही अट काढून टाकण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते.

या वादाला जुना इतिहास आहे. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी, हे काळ आणि परिस्थितीनुसार लोकांनीच ठरवावे, घटनेने ते बांधून टाकू नये, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याची कर्तव्ये मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. तो वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळली. समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य, त्यामुळे खासगी उद्योगाला बाधा येत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला.

सरकार सुधारायचे की कमी करायचे?

शासन सुधारणेबाबत बहुतेक पक्ष सेवा जलद आणि पारदर्शक देण्याची भाषा करतात. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम हे त्याचे उदाहरण आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. स्वतंत्र भारत पक्षाचा रोख वेगळा आहे. जेथे परवान्याची गरजच नसावी, तेथे तो मुदतीत मिळाला काय आणि उशिरा मिळाला काय, असे त्यांचे म्हणणे असते.

या भूमिकेमागे विदर्भातील कापूस उत्पादकांचा अनुभव आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याला आपला कापूस राज्याच्या यंत्रणेलाच विकावा लागे. शेजारच्या राज्यात भाव अधिक असला तरी सीमा ओलांडणे गुन्हा होता. त्याविरुद्ध शेतकरी संघटनेने आंदोलने केली. पुढे बीटी कापसाच्या वेळी आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर लागवड करून संघटनेने बियाणे निवडीच्या स्वातंत्र्याची मागणी केली. केंद्राच्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत संघटनेचे अनिल घनवट सदस्य होते. ते कायदे २०२१ मध्ये मागे घेण्यात आले.

पक्षाची आणखी एक मागणी लहान राज्यांची, म्हणजेच स्वतंत्र विदर्भाची आहे. या चळवळीत राजुऱ्याचे अॅड. वामनराव चटप आघाडीवर राहिले. १९९० आणि १९९५ मध्ये जनता दलातर्फे आणि २००४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षातर्फे ते विधानसभेवर निवडून आले. २०१९ मध्ये ते थोडक्या मतांनी हरले, तर २०२४ मध्ये तेथे भाजपचे देवराव भोंगळे विजयी झाले.

सामाजिक बाबतीत मात्र या विचाराला सरसकट परंपरावादी म्हणता येत नाही. १९८६ चे चांदवड येथील महिला अधिवेशन आणि शेतजमिनीत पत्नीच्या नावे वाटा करून देणारे 'लक्ष्मीमुक्ती' अभियान हे याच चळवळीचे. तरीही ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले, तेव्हा विरोधातील ते एक मत शरद जोशी यांचे होते. मतदारसंघ फिरते ठेवल्याने निवडून आलेल्या स्त्रीला आपल्या क्षेत्रात पाय रोवता येणार नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता.

आक्षेप कोणते?

या भूमिकेवरील टीकाही तितकीच गंभीर आहे. कमाल धारणा कायद्यामुळेच काही भूमिहीन कुटुंबांना अतिरिक्त जमिनीतून वाटा मिळाला. मालमत्तेचा हक्क पूर्ण ताकदीने परत आल्यास ज्यांच्याकडे मालमत्ताच नाही त्यांचे काय, हा प्रश्न दलित आणि आदिवासी संघटना विचारतात. अत्यावश्यक वस्तू कायदा नसेल तर टंचाईच्या काळात शहरी गरिबाला साठेबाजीपासून कोण वाचवणार, अशीही शंका आहे. खुल्या बाजारात लहान शेतकरी मोठ्या खरेदीदारापुढे टिकणार नाही, या भीतीतूनच २०२० च्या कायद्यांविरुद्ध पंजाब आणि हरियाणातील शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांना सरकारचा हस्तक्षेप कमी नको होता, तर हमीभावाची कायदेशीर हमी हवी होती.

आमदाराच्या हाती काय?

राज्याच्या निवडणुकीत घटनेविषयी दिलेली आश्वासने तपासताना अधिकारांची विभागणी लक्षात घ्यावी लागते.

* मालमत्तेचा मूलभूत हक्क, नववे परिशिष्ट आणि उद्देशिका हे विषय अनुच्छेद ३६८ खाली संसदेचे आहेत. विधानसभा फार तर ठराव करू शकते.
* नव्या राज्याची निर्मिती अनुच्छेद ३ प्रमाणे संसद करते. संबंधित विधानसभेचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते.
* शेतजमीन, शेती आणि बाजारपेठा राज्यसूचीत आहेत. कमाल धारणा, जमीन विक्रीवरील निर्बंध आणि बाजार समित्यांचे नियम विधानसभा बदलू शकते.
* मालमत्तेचे संपादन समवर्ती सूचीत आहे. २०१८ ची दुरुस्ती राज्यानेच केली होती, त्यामुळे औद्योगिक वसाहतींसाठी संमतीची अट आणण्याचा प्रस्ताव आमदार विधानसभेत मांडू शकतो.
* नगर परिषदेचे अधिकार, कर आणि सेवा हेही राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहेत.

बुटीबोरी हिंगणा विधानसभा मतदारसंघात येते. येथील मतदारांत जमीन दिलेले शेतकरी आहेत आणि त्याच जमिनीवरील कारखान्यात काम करणारे कामगारही आहेत. दोघांचे हित नेहमी एकच असेल असे नाही. त्यामुळे कोणताही उमेदवार 'घटनेचे रक्षण' किंवा 'शासनात सुधारणा' असे शब्द वापरतो, तेव्हा कोणते कलम, कोणता कायदा आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न त्याला विचारणे मतदाराच्या हिताचे ठरेल.