नाक यंत्राचे, पारख माणसाची

अत्तर अस्सल की नकली, हा प्रश्न फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल-किंदी यांच्या नावावर अत्तरांच्या रसायनाचा एक ग्रंथ आहे. कस्तुरीसारख्या महाग सुगंधाची नक्कल करण्याच्या कृतीही त्यात सापडतात. नक्कल करणारा आणि ती पकडणारा, दोघांचा भरवसा नाकावरच!

या नाकाची प्रतिकृती १९८२ मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी मांडली. त्यात धातूंच्या ऑक्साइडचे तीनच सेन्सर होते. असे सेन्सर जपानमध्ये गॅसगळती ओळखण्यासाठी आधीच वापरात होते. तापलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. वासाच्या वाफेची त्या ऑक्सिजनशी क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेला होणारा रोध कमी होतो. एकटा सेन्सर कुठलाच वास ओळखत नाही. अनेक वासांना तो कमीअधिक प्रतिसाद देतो. तिघांच्या प्रतिसादांची जुळणी मात्र वासागणिक बदलते. मोजक्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसे हे आहे.

पण त्या जुळणीला नाव माणसानेच द्यावे लागते. कोलकात्याच्या सी-डॅकने चहाची प्रत ठरवणारे असे नाक तयार केले, तेव्हा त्याची तालीम चहा चाखणाऱ्या जाणकारांनी दिलेल्या गुणांवरच झाली. म्हणून ‘यंत्र आले, आता जाणकार कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते: उद्या नवी नक्कल बाजारात आली, तर यंत्राला शिकवणार कोण? शागीर्द यंत्र असले, तरी उस्ताद लागतोच.