नव्या माळावरचे निवडुंग

आगगाडीने कुंडलला जाणारा माणूस किर्लोस्करवाडीच्या स्थानकावर उतरतो. या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. बेळगावातील आपला कारखाना आवरून लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली येथे आले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना या स्थानकाजवळची जमीन दिली. जमीन म्हणजे काय, तर एक उजाड माळ! जिकडे पाहावे तिकडे निवडुंग आणि त्याच्या आडोशाला साप. लोखंडी नांगर घडवण्याची स्वप्ने घेऊन आलेल्या मंडळींच्या हाती पहिले काम आले ते नांगर घडवण्याचे नव्हे, निवडुंग उपटण्याचे. जमीन नवी मिळाली म्हणजे ती मोकळी मिळाली असे नसते, हा त्या माळाचा पहिला धडा.

हा धडा मला गेल्या दिवाळीत पुन्हा आठवला, आणि तो आठवण्यास कारण झाला एक लॅपटॉप.

थोरल्या भावाकडे कुंडलला गेलो होतो. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि दादाने गाऱ्हाणे मांडले. पुतणी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली म्हणून द्राक्षांच्या पैशांतून तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. पण त्याची कळ दाबली की तो जागा होऊन कामाला लागेपर्यंत तीन-साडेतीन मिनिटे जात. “अरे, एवढे पैसे मोजले आणि उठतोय कसा, तर म्हाताऱ्या बैलासारखा!” दादा म्हणाला. “तेवढ्यात माझा चहा होतो,” वहिनींनी पुस्ती जोडली. दुकानदाराचे म्हणणे, आणखी पैसे टाका, मेमरी वाढवून देतो.

पुतणी मात्र गप्प होती. मागाहून ओसरीवर तिने मला हळूच सांगितले, “काका, कॉलेजची चाचणी सुरू झाली तेव्हा याचं चक्र नुसतं फिरत होतं. दोन प्रश्न राहिले. वर्गातल्या बाकीच्यांचं बरं चालतं. मलाच हे जमत नाही बहुतेक.”

हे शेवटचे वाक्य मला खटकले. लोखंडी नांगर प्रथम बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. त्यांचा संशय चुकीचा होता, पण निदान तो नांगरावर तरी होता! आजच्या मुलीचे यंत्र अडले की ती संशय घेते तो स्वतःवर. म्हणून तिला मी प्रथम लॅपटॉप उघडायला सांगितला नाही. एक गोष्ट सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने सांगतो.

संगणकाच्या आत एक कारभारी असतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती हीच. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, किती जागा द्यायची, दारात कोणाला उभे करायचे, हे सारे तो ठरवतो. पण पहिल्या संगणकांना असा कारभारी नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला देशी संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे एक अशा २,०४८ शब्दांची जागा होती. मी पुतणीला गणित करायला लावले. तिच्या लॅपटॉपची स्मृती त्याहून आठ लाखांहून अधिक पट भरली! “मग हा इतका मंद का?” ती म्हणाली. प्रश्न अगदी रास्त होता.

त्या काळी यंत्र महाग आणि माणूस स्वस्त. अमेरिकेतसुद्धा संशोधक आपली वेळ राखून ठेवत, फिती आणि पत्ते घेऊन येत, सारी मांडामांड हाताने करत. तोवर ते लाखमोलाचे यंत्र रिकामे बसे. हा खोळंबा चुकवण्यासाठी १९५६ साली जनरल मोटर्सच्या आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी एक कार्यक्रम रचला. एक काम संपताच तो माणसाची वाट न पाहता दुसरे काम पुढे ओढी. कारभाऱ्यांच्या कुळातला हा एक आद्य पुरुष. पाहा, कारभारी जन्माला आला तोच मुळी खोळंबा काढण्यासाठी!

मात्र खोळंबा निघाला तो यंत्राचा, माणसाचा वाढला. भोके पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एखादा स्वल्पविराम चुकला असेल, तर पुन्हा पत्ता, पुन्हा खिडकी, पुन्हा वाट. १९६४ साली मुंबईच्या त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा आपल्याकडच्या एका पिढीनेही ही तपश्चर्या केली.

माणसाची बाजू घेतली ती मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठातल्या फर्नांडो कोर्बातो यांनी. १९६१ साली त्यांनी असा कारभारी दाखवला, की जो प्रत्येकाला क्षणाक्षणाचा वाटा देई आणि प्रत्येकाला वाटे, यंत्र माझ्यापुढेच बसले आहे. पुढे या कल्पनेचा एक अवाढव्य संसार मांडण्याचा बेत झाला. त्याचे नाव मल्टिक्स. बेल प्रयोगशाळा १९६९ साली त्यातून बाहेर पडली, आणि तिथल्याच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा यंत्रावर सुटसुटीत असे युनिक्स उभे केले. आज लिनक्स, अँड्रॉइड आणि अॅपलच्या संगणकांचे कारभारी आपले कुळ किंवा वळण याच युनिक्सकडून सांगतात. पसाऱ्याने जे साधले नाही ते आटोपशीरपणाने साधले!

आणखी एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९८३ साली अॅपल कंपनीत मॅकिंतॉश तयार होत होता. तो सुरू व्हायला वेळ फार घेतो, हे पाहून स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅरी केन्यन या अभियंत्यापुढे हिशेब मांडला: उद्या पन्नास लाख माणसे हे यंत्र रोज सुरू करतील, प्रत्येकाचे दहा सेकंद वाचवलेस तर दिवसाला पाच कोटी सेकंद वाचतील, वर्षाअखेरीस कित्येक माणसांची आयुष्ये वाचवल्याचे पुण्य पदरी पडेल! जॉब्ज यांचा हिशेब जरा सढळ हाताचा होता. मी तो कागदावर करून पाहिला: वर्षाला सुमारे ५७८ वर्षे, म्हणजे सत्तर वर्षांची आठ आयुष्ये. पण आठ तर आठ! केन्यन यांनी पुढच्या काही महिन्यांत दहा सेकंदांहून अधिक वेळ कमी करून दाखवला.

पुढे यंत्रे स्वस्त झाली, वेगवान झाली, आणि सुबत्तेत जे होते तेच झाले. घर मोठे झाले की अडगळ वाढते. निक्लाउस विर्थ या स्विस पंडिताने १९९५ साली सुटसुटीत कार्यक्रमांची कळकळीने बाजू मांडली. यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून अधिक गतीने त्यांवरचे कार्यक्रम मंद होत आहेत, असा त्याचा आशय होता. पुतणीच्या रास्त प्रश्नाचे उत्तर हेच होते.

एवढे झाल्यावर आम्ही लॅपटॉप उघडला. त्यावर विंडोज होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची एक यादी असते. ती यादी म्हणजे लग्नघरातली पंगतच! विकणाऱ्याने पेरलेला खेळांचा दुकानदार, महिनाभर फुकट म्हणून आलेला विषाणूरक्षक, पुतणीने कधीच न उघडलेला संभाषणाचा कार्यक्रम, आणि कसल्या तरी सवलतींची दवंडी पिटणारा एक. सगळे पहाटे यंत्राबरोबर उठत आणि पहिल्या घासासाठी झोंबत. कारभारी बिचारा त्यांची पाने वाढता वाढता थकून जाई. घरची मुलगी मागे उभी.

“यांतलं तुला काय हवं आहे?” मी विचारले. माउस मी हाती घेतला नाही. तिने एकेक नाव वाचले, विचारले, आणि नको त्याचे आपोआप उठणे बंद केले. जे मुळीच नको ते ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन काढून टाकले. विंडोजला स्वतःचा पहारेकरी असतोच. दुसरा आला की तो आपण होऊन बाजूला सरतो, आणि दुसरा गेला की पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून तो पाहुणा गेला. एका नावाशी ती अडली. ते ध्वनियंत्राच्या चालकाचे होते. “जे कळत नाही ते काढायचं नाही,” ती स्वतःच म्हणाली, आणि पुढे गेली. मला फार बरे वाटले. निवडुंग उपटताना बांधावरचे झाड उपटायचे नसते.

मग राहिलेली अद्यतने पूर्ण होऊ दिली. नवे यंत्र पहिले काही दिवस आतल्या आत फार राबत असते; अद्यतने उतरवून घेते, कागदपत्रांची सूची करते. तेवढी सवड त्याला द्यावीच लागते. नंतर ‘शट डाउन’ न करता ‘रिस्टार्ट’ केले. यातही एक गंमत आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून लवकर जागे होता यावे म्हणून यंत्र बंद करताना कारभाऱ्याची स्थिती जपून ठेवण्याची सोय आली. त्यामुळे नुसते बंद करून सुरू केले तर जुना शीण तसाच उरू शकतो. ‘रिस्टार्ट’ने कारभारी नव्याने कामाला लागतो. वेग वाढवून देतो म्हणणारे जादूचे कार्यक्रम मात्र आम्ही घेतले नाहीत. पंगत आवरायला आणखी एक पाहुणा कशाला?

दुकानदाराचे म्हणणे सर्वस्वी खोटे असते असेही नाही. स्मृती फारच अपुरी असेल, किंवा आत फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल, तर पैसे टाकावेच लागतात. पण तो निर्णय निवडुंग काढल्यावर घ्यायचा, आधी नव्हे.

दुसरे दिवशी, पाडव्याच्या सकाळी, वहिनींनी चुलीवर आधण ठेवले आणि पुतणीने कळ दाबली. आम्ही सारे उगाचच त्या दोहोंकडे आळीपाळीने पाहत राहिलो. आधणाला कढ येण्यापूर्वीच पडद्यावर तिची वही उघडली होती. दादाने काही न बोलता एक अनारसा उचलला.

दुपारी शेजारची एक मुलगी आपला लॅपटॉप छातीशी धरून आली. “काका आहेत का?” तिने दारातूनच विचारले. मी उठू लागलो, तोच पुतणी म्हणाली, “काका असू देत. ये, बस. आधी सांग, यातलं तुला काय काय हवंय?”