तुम्ही काम काय करत होता?

मामूंना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळलं, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विडी ओढता?" मामू म्हणाले, "तरुणपणी ओढायचो." केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काढली, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, असं त्यांनी वैद्यांना सांगून ठेवलं होतं : तुम्ही काम काय करता?

आपल्या उपनगरांत या प्रश्नाला फार अर्थ आहे. मुलुंडला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे बनत, घाटकोपरला गाड्यांची ब्रेक-लायनिंग. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. पण १९५५ सालीच रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधल्या कामगारांचा अभ्यास करून ॲस्बेस्टॉस आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवून दिलं होतं. त्यात विडी-सिगारेटची जोड मिळाली, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे विडीचं उत्तर खोटं नव्हतं, ते अर्धं होतं.

हा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं दबा धरून बसतो. तोवर कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहतो आणि हजेरीपटाचा पत्ता नसतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर त्याचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात.

हक्क आहेत, पण ते मागावे लागतात. पुढच्या खेपेला मामूंनी ट्रंकेतून जुन्या पगाराच्या पावत्या आणि ईएसआयचं कार्ड काढलं. बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत मागून घेतली. धाप लागत होती, तरी मला बोलू दिलं नाही. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "आधी माझं काम लिहून घ्या." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि लिहून घेतलं.

मामूंचा आजार काही त्यामुळे बरा झाला नाही. भरपाईचा अर्ज अजून टेबलांवरून फिरतो आहे. पण विडीमुळे आपणच हे ओढवून घेतलं, म्हणून खाली गेलेली त्यांची मान वर आली. तुमच्या घरात कुणी जुना कामगार खोकत असेल, तर दवाखान्यात जाण्याआधी त्याला तेवढं विचारा : तुम्ही काम काय करत होता?